तारांच्या आड दडलेला मुळांचा प्रश्न

मुलामुलींच्या दातांना तारा लावणे ही आपल्या व्यापारी कुटुंबांत आता नित्याची बाब झाली आहे. खर्च किती येईल, तारा किती महिने राहतील आणि लग्नसराईपूर्वी त्या निघतील काय, हे तीन प्रश्न पालक आवर्जून विचारतात. दातांच्या मुळांचे काय होईल, हा चौथा प्रश्न सहसा राहून जातो.

वरच्या पुढच्या दाताचे मूळ सुमारे १३ मिलिमीटर लांब असते. मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. तारेचा दाब पडला की एका बाजूचे हाड झिजते, दुसऱ्या बाजूस नवे तयार होते आणि दात सरकतो. दाब प्रमाणाबाहेर गेल्यास तेथील रक्तपुरवठा खुंटतो. मृत झालेला भाग दूर करण्यास आलेल्या पेशी मग मुळाचा पृष्ठभागही कुरतडतात. मुळाच्या बाजूवरील लहान खड्डे शरीर पुढे भरून काढते. टोकाशी गेलेली लांबी मात्र परत मिळत नाही. या साऱ्यात वेदना होत नाही, म्हणून ते क्ष-किरण चित्राशिवाय कळत नाही. अमेरिकेतील डॉ. केचम यांनी १९२७ साली अशाच चित्रांच्या आधारे या प्रश्नाकडे दंतवैद्यांचे लक्ष वेधले.

घाबरून जाण्याचे कारण नाही. बहुतेकांत ही घट एक-दोन मिलिमीटरपर्यंतच राहते आणि दातांच्या बळकटीत फरक पडत नाही. शंभरांतील एक ते पाच रुग्णांत ती गंभीर ठरते. मुळे निमुळती असणे, दाताला पूर्वी मार लागलेला असणे, दात फार दूर सरकवावा लागणे आणि उपचार लांबणे, ही त्याची प्रमुख कारणे. सख्ख्या भावाबहिणीत असे घडले असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे.

उपचार लांबण्याचा मुद्दा दाभोसासारख्या गावी विशेष लागू पडतो. धबधब्यासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव जव्हारपासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. जव्हारहून नाशिक आणखी ८० किलोमीटर. तारांच्या तज्ज्ञाकडे दर महिन्यास जायचे, तर दुकान सोडून एक अख्खा दिवस मोडतो. पावसाळ्यात घाटाचा रस्ता, दिवाळीत गिऱ्हाईक, उन्हाळ्यात लग्ने. भेटी चुकत जातात आणि दीड वर्षाचे काम तीन वर्षांवर जाते. याउलट लग्न जवळ आले म्हणून ‘जरा जोरात ताणा’ असा आग्रह धरणेही तितकेच घातक. अधिक दाबाने दात लवकर सरकत नाही, मुळास इजा होण्याची शक्यता मात्र वाढते.

म्हणून उपचारापूर्वी मुळांचे चित्र काढून घ्यावे आणि सहा ते नऊ महिन्यांनी पुन्हा तपासणी करण्याविषयी विचारावे. मुळे आखूड होताना दिसली, तर तज्ज्ञ दोन-तीन महिने दाब थांबवतात, प्रसंगी उद्दिष्ट मर्यादित करतात. दाब थांबला की ही झीजही सहसा थांबते. जुनी चित्रे मात्र घरी जपून ठेवावीत. डॉक्टर बदलावे लागले, तर मूळ आधी किती होते आणि आज किती उरले, हे नव्या डॉक्टरांना त्यांवरूनच कळेल.