शाळेची इमारतही शिकवते

खुलताबादच्या मातीत मलिक अंबर विसावला आहे. १६२६ मध्ये त्याचा इंतकाल झाला. खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, त्याने वसवले आणि जमिनीखालच्या नहरीने तिथे पाणी आणले. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. त्याच विद्येवर अठराव्या शतकात त्या शहरात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात पाणचक्की उभी राहिली. डोंगरातले पाणी खापरी नळांतून येई, मनोऱ्यात चढे, हौदात पडे. त्याच पाण्याच्या जोरावर जाते फिरे. हौदाखाली दालन आहे. माथ्यावर पाणी असल्याने उन्हाळ्यातही तिथे गारवा असतो. याच आवारात मदरसाही होता. पाणी कुठून येते आणि त्याने काय काय होते, हे तिथल्या मुलाला रोज डोळ्यांसमोर दिसत असणार.

आज आपली मुले ‘परिसर अभ्यास’ पुस्तकातून शिकतात. डोक्यावर तापलेला पत्रा, भरदुपारी जळणारा दिवा, भिंतीवर ‘पाणी वाचवा’ आणि तिच्याखाली गळका नळ. मूल घोषणेचे ऐकेल की नळाचे? आम्हाला वाटते, नळाचेच.

पश्चिम आफ्रिकेत बुर्किना फासो नावाचा उष्ण आणि गरीब देश आहे. तिथल्या गांदो गावात फ्रान्सिस केरे यांनी २००१ मध्ये शाळा बांधली. गाव त्यांचे स्वतःचेच. लहानपणी ते कोंदट, अंधाऱ्या वर्गात शिकले होते. या शाळेच्या भिंती मातीच्या विटांच्या, छतही विटांचे आणि त्याच्या वर बरेच अंतर सोडून पत्रा. मधून वारा खेळतो, तापलेली हवा वरून निघून जाते. बायांनी विटांसाठी पाणी आणले, मुलांनी पायासाठी दगड गोळा केले. २००४ मध्ये या शाळेला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. पत्रा फेकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. गांदोतही तो आहेच. उंच उचललेला आहे, एवढाच फरक. आणि वर्ग गार का राहतो, हे तिथले मूल सांगू शकते, कारण ते छत त्याच्यासमोर चढले.

आपल्याकडे नवी इमारत लगेच होणार नाही, हे उघड आहे. पण शंभर चौरस मीटर छतावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर एक हजार लिटर पाणी होते. हा हिशेब पाचवीतले मूल करू शकते. छताची पन्हळ टाकीला जोडली तर ते मूल पाऊस मोजायला लागेल. मदरशात वुजूचे पाणी गटारात न सोडता लिंबाच्या झाडाला नेले, तर रोज पाच वेळा तोच धडा होईल. वाहत्या नदीकाठीही वुजूत पाणी वाया घालवू नये, ही ताकीद मुलांना तोंडपाठ असते. ती अमलात आणायला नाली हवी.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला. म्हणजे बहुतेक आपणच. पुढच्या बैठकीत खिचडी आणि गणवेशानंतर छत, पन्हळ आणि नळ यांचाही विषय काढा. पावसाळ्याआधीची बैठक असेल तर उत्तम.