फसफसती दुनिया (लेखांक 6) : ताडीतलं यीस्ट कोणतं?

मागच्या लेखात बेकरीच्या यीस्टची माहिती घेतली. या वेळी भाईंदर पश्चिमेच्या टोकाला, उत्तनकडे वळू. उत्तन, गोराई, मनोरी या पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांत लग्नाकार्याला फुग्या होतात. मैदा, अंडी आणि नारळाच्या दुधाचं सैल पीठ आंबवायचं, मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनीच्या मधून दाबायचं आणि बाहेर आलेला गोळा अलगद कढईत सोडायचा. पूर्वी हे पीठ ताडीवर फुगवत. आता अनेक घरांत दुकानातलं यीस्ट आलं आहे.

ताडीत पीठ फुगवणारं यीस्ट नेमकं कोणतं? सूक्ष्मदर्शक इथे फारसा कामाचा नाही. अंडाकृती पेशी आणि त्यांना फुटलेले कोंब, जवळपास सगळी यीस्टं अशीच दिसतात. कोणती साखर पचते, कोणती नाही, हे तपासायची जुनी पद्धत वेळखाऊ आहे आणि बऱ्याचदा फसवते.

म्हणून डीएनए. ताडी पातळ करून आगरच्या बशीवर पसरतात. एकेका वसाहतीतून डीएनए काढून त्यातला आयटीएस नावाचा तुकडा पीसीआरने वाढवतात. पेशीतल्या रायबोसोमच्या जनुकांमधला हा भाग प्रजातीगणिक बदलतो. सॅकरोमायसीस सेरेव्हिसी या प्रजातीत तो साधारण 850 अक्षरांचा निघतो. त्याला विशिष्ट विकराने कापलं की ठरावीक लांबीचे तुकडे पडतात आणि जेलवर त्यांचे पट्टे दिसतात. शंका उरलीच, तर तुकड्याचा क्रमच वाचून काढायचा.

खरी मेख यापुढे आहे. ताडीत अनेक यीस्टं आणि जिवाणू एकत्र नांदतात, आणि त्यांत सेरेव्हिसी वारंवार सापडतं. बेकरीचं यीस्टही सेरेव्हिसीच. म्हणजे आडनाव कळलं, नाव कळायचं राहिलं. नाव सांगतो डेल्टा हा घटक. सुमारे 330 अक्षरांचे हे तुकडे या यीस्टच्या जनुकसंचात जागोजागी विखुरलेले असतात. दोन डेल्टांमधली अंतरं वाणागणिक वेगळी, त्यामुळे पीसीआरनंतर उमटणारी पट्ट्यांची नक्षीही वेगळी. वाइनच्या पिंपात आपण घातलेलं यीस्टच काम करतंय की द्राक्षाच्या सालीवरून आलेलं, हेही याच चाचणीने कळतं.

हा फरक नुसता कागदावरचा नाही. 2018 मध्ये जगभरातल्या 1,011 सेरेव्हिसी वाणांच्या जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आफ्रिकेतल्या ताडीच्या यीस्टचं कुळ स्वतंत्र निघालं. उत्तनच्या ताडीतलं यीस्ट कोणत्या कुळातलं? का ते बेकरीतूनच तिथे शिरलेलं? डेल्टाच्या पट्ट्यांवरून निदान दुसऱ्या प्रश्नाचा छडा लागू शकतो, आणि त्याला मोठी यंत्रणा लागत नाही. पीसीआर यंत्र आणि जेलची पेटी असलेल्या महाविद्यालयात हे काम होण्यासारखं आहे.

मला याची घाई वाटते. ताडीवर पीठ भिजवणाऱ्या आज्या थकल्या की घरोघरी दुकानाची पुडी येईल आणि तपासायला काही उरणार नाही. मीरा-भाईंदर, वसईच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, प्रकल्पाला विषय शोधत असाल तर हा घ्या. ज्यांच्या घरी अजून ताडी वापरतात, त्यांची परवानगी घेऊन निर्जंतुक बाटलीत नमुना घ्या, तारीख, गाव आणि झाड नीट नोंदवा. वेगळा वाण हाती लागला, तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम या सूक्ष्मजीव संग्रहाशी संपर्क साधा.