अळी, मेथी आणि मारामारी

मंडळी, रविवारी सकाळी आठ वाजता, तेही कुणी ढोसल्याशिवाय, गच्चीवर हजर होणारी आयटीतली मुलगी तुम्ही पाहिली आहे का? नसेल तर बाणेरला या. एका हातात चहाचा मग, दुसऱ्या हातात झारी आणि भोवती चार ते सात वयोगटातली नऊ कार्टी, हा माझा गेल्या दोन वर्षांचा वीकेण्ड प्लॅन आहे. मला स्वतःला मूलबाळ नाही आणि लहान मुलांची फार हौस आहे, असंही नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काका, बँकेतून रिटायर झालेले, गच्चीत भाज्या लावतात. फुकटच्या पालकाच्या आशेने मी वर जायला लागले, पोरं माझ्या मागोमाग आली आणि बघता बघता मी सगळ्यांची मावशी झाले. (‘आंटी’ म्हणायचं नाही, ही माझी एकमेव अट.)

बागकामाने मुलं शांत, समंजस, प्रेमळ वगैरे होतात, असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. बॉस, असं काही होत नाही. पहिल्या महिन्यात गच्चीवर जेवढी मारामारी झाली, तेवढी खाली पार्किंगमध्येही होत नसेल. माती डोळ्यांत गेली, खुरपं लपवलं गेलं, एकाने दुसऱ्याचा टोमॅटो हिरवाच तोडून खिशात टाकला. तरीही अहिंसा शिकवायला गच्चीएवढी भारी जागा मला दुसरी दिसत नाही. कारण इथे ‘मारू नये’ हे फळ्यावर लिहिलेलं वाक्य राहत नाही. मारायचं की नाही, हे दर रविवारी समोर बसून ठरवावं लागतं.

सॉरी म्हटलं, पण मेथीचं काय?

आमच्यात साडेपाच वर्षांचा एक भिडू आहे. सोसायटीतलं त्याचं नाव डॉन. झोपाळ्यावर नंबर लागला नाही की ढकलतो, सायकल दिली नाही की चावतो. गेल्या नोव्हेंबरात झारीवरून वाजलं आणि रागाच्या भरात त्याने एका मुलीच्या क्रेटमधली मेथी दोन्ही पायांनी तुडवली. अठरा दिवसांची मेथी! पुढच्या रविवारी काढायची होती, पराठे ठरले होते.

डॉनने लगेच ‘सॉरी’ म्हटलं. आजकालची मुलं सॉरी फार पटकन म्हणतात, आपण त्यांना तेवढं तर नक्कीच शिकवलंय. काका म्हणाले, ‘बरं, आता मेथीला म्हण.’ त्याने म्हटलं. मेथी काही उठली नाही. तो बराच वेळ बघत उभा राहिला, अगदी खाली वाकून. मग पुन्हा बी पेरायचं ठरलं. चौथ्या दिवशी कोंब आले, पण भाजी व्हायला पुन्हा तीन आठवडे जाणार होते आणि तोपर्यंत डॉनची स्वतःची मेथी शेजारी डोलत होती. हे त्याला फारच जड गेलं असावं. त्याने आपली अर्धी मेथी देऊ केली. तिने सगळी मागितली. पाऊण क्रेटवर तोडगा निघाला.

तिकडे पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याला गच्चीबंदी करा म्हणून मेसेजचा पाऊस पडत होता. मी विरोध केला. ज्या मुलाचा हात सगळ्यात आधी उठतो, त्यालाच बाहेर काढायचं तर हा खटाटोप कुणासाठी? सहा महिन्यांनी त्याच्या आईने मला विचारलं, ‘काही फरक पडतोय का गं?’ खाली पार्किंगमध्ये तो अजूनही ढकलतो, हे तिलाही माहीत आहे. गच्चीवर मात्र हात उचलला की मध्येच थांबतो, क्रेटकडे बघतो. कधी कधी तरीही मारतो. मी तिला हेच सांगितलं.

लिंबावरचे पाहुणे

या जुलैत ड्रममधल्या लिंबाच्या झाडावर अळ्या सापडल्या. सात. लहान असताना त्या हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात आणि लिंबाची कोवळी पानं मिटक्या मारत खातात. कुणीतरी बोटाने डिवचलं तर अळीने डोक्यामागून केशरी-लालसर दुहेरी शिंगं बाहेर काढली आणि घाण वास सोडला. चावली नाही, डसली नाही, नुसता वास! पोरं जाम खूश. तरी तिघांच्या हातात चपला होत्याच.

काकांचा नियम साधा आहे, आधी बघायचं, मग ठरवायचं. दोन दिवस बघितल्यावर मतदान झालं. खालच्या फांद्या अळ्यांच्या, वरच्या आपल्या. अळ्यांनी हा करार अर्थातच वाचलेला नव्हता. त्या वर चढायच्या आणि रोज संध्याकाळी दोन मुलं त्यांना पानासकट उचलून खाली आणून ठेवायची.

मग बुलबुल आला आणि चार अळ्या खाऊन गेला. जी मुलगी अळ्यांची सगळ्यात मोठी वकील होती, ती रडत रडत गलोल मागायला लागली. तिला बुलबुलाला मारायचं होतं. सगळ्यात धाकटा म्हणाला, ‘त्याच्या घरी पण बाळं असतील.’ ‘मग अळीची आई?’ ती ओरडली. खरं सांगते, उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि काकांकडेही नव्हतं. बुलबुलाकडे दुसरा मेन्यू नाही, आपल्याकडे आहे, एवढंच मी म्हणू शकले. पुढे उरलेल्या तिघींतल्या एकीचा पत्ता लागला नाही, दोघींचे कोश झाले आणि त्यांतून काळी-पिवळी फुलपाखरं निघाली. लाइम बटरफ्लाय म्हणतात ती. गलोल आठवड्याभराने विस्मरणात गेली.

हा फंडा काही आमच्या सुपीक डोक्यातून आलेला नाही. मारिया माँटेसोरींनी १९०७ साली रोममधल्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं. रोपाचं जगणं आपल्या पाण्यावर अवलंबून आहे हे कळलं की मूल स्वतःहून काळजी घेतं आणि बी पेरलं की वाट बघायला शिकतं, असं त्यांनी सुरुवातीच्या पुस्तकातच मांडलं. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले गांधीजी त्यांच्या प्रशिक्षण वर्गात बोलले. जगात खरी शांतता हवी तर सुरुवात मुलांपासून करावी लागेल, असा त्यांचा सूर होता. बाई १९३९ साली भारतात आल्या. महायुद्ध पेटलेलं आणि त्या इटालियन, त्यामुळे ब्रिटिश सरकारने १९४० मध्ये त्यांचा मुलगा मारिओ याला आपल्या अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केलं. शांततेचं शिक्षण देणाऱ्या बाईंना युद्धाने भारतातही सोडलं नाही. त्याआधी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची मांडणी झाली होती. हाताने काम करत शिकायचं, ही तिची मूळ कल्पना. सेवाग्रामला २००५ मध्ये सुरू झालेली ‘आनंद निकेतन’ शाळा हाच वारसा चालवते. तिथे बागकाम हा टाइमपास नसतो, अभ्यासच असतो.

आणि गांधीजींची अहिंसा आपल्याला वाटते तेवढी गुळगुळीत नव्हती. १९२८ साली साबरमती आश्रमात असह्य वेदनांनी तडफडणाऱ्या, वाचण्याची आशा नसलेल्या एका वासराला त्यांनी डॉक्टरकडून विषाचं इंजेक्शन देववलं. केवढा गहजब झाला होता तेव्हा! मला ही गोष्ट दर वेळी मुळ्याच्या विरळणीच्या दिवशी आठवते. दाटीवाटीने उगवलेली चांगली, निरोगी रोपं उपटायची, नाहीतर एकही मुळा धरत नाही. मुलं तेव्हा फार गप्प होतात. उपटलेली रोपं आम्ही फेकत नाही, धुऊन तिथल्या तिथे मीठ लावून खातो. मावा पडला तर पाण्याचा फवारा, अगदीच हाताबाहेर गेला तर निंबोळी अर्क. यात जीव मरतात. मुलं विचारतात आणि आम्ही ‘हो, मरतात’ असं सरळ सांगतो.

तुम्हाला करायचं असेल तर

खर्च फारसा नाही. भाजीवाल्याकडचे जुने प्लॅस्टिक क्रेट, विटांवर ठेवलेले, म्हणजे खाली पाणी साचत नाही आणि ‘स्लॅब गळेल’ म्हणणारी सोसायटीची कमिटीही थोडी थंड होते. आत उसाच्या रसवंतीतली चिपाडं, वाळका पाला, किचनचा ओला कचरा आणि वर थोडी माती. नुसती माती भरू नका, गच्चीवर वजन फार होतं. सुरुवात मेथी किंवा मुळ्याने करा. लहान मुलांचा धीर तीन-चार आठवड्यांपलीकडे टिकत नाही (आपला तरी कुठे टिकतो म्हणा!). एक गोष्ट आम्ही मुद्दाम केली आहे. मुलं नऊ, झाऱ्या तीनच. भांडण होणार हे ठरलेलंच, ते आपल्या डोळ्यांसमोर झालेलं बरं.

सध्या गच्चीवर गोगलगायींचा प्रश्न तापलाय. कुणीतरी आणलेल्या कुंडीतून आल्या आणि पालकाचा फडशा पाडतायत. उघड्या हाताने त्यांना धरायचं नाही, त्यांच्यात माणसाला त्रास देणारे जंतू असू शकतात, म्हणून ग्लोव्हज आणले आहेत. पोरांनी एकमताने ठरवलं, की बादलीत भरून खाली बागेत सोडायच्या. तिथल्या माळीमामांनी हात जोडले, ‘ताई, माझी जास्वंद खातील त्या.’ काकांनी मग २०२२ साली मराठवाड्यात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी शेतंच्या शेतं कशी फस्त केली, ते सांगितलं. आपली कीड दुसऱ्याच्या दारात सोडणं याला काय म्हणायचं, यावर सव्वा तास चर्चा झाली. डॉनचं म्हणणं, बादलीवर झाकण ठेवून रोज पालकाचे देठ घालायचे. अंडी घातल्यावर काय, हे अजून कुणाला सुचलेलं नाही. बादली माझ्या बाल्कनीत आहे.