सहा मिलिमीटरचा कृमी, अख्ख्या देशाचा आजार

लांबी 3 ते 6 मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही लहान. कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या या पट्टकृमीचे नाव एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस. एका कुत्र्यात असे हजारो असू शकतात आणि कुत्रा ठणठणीत दिसतो.

आता हिशेब मांडा. प्रत्येक कृमीच्या शेवटच्या खंडात काहीशे अंडी असतात. 1,000 कृमी आणि 500 अंडी धरली, तरी एका खेपेला 5 लाख अंडी कुरणात पडतात. एका मिलिमीटरच्या रेषेत पंचवीस मावतील इतकी ती बारीक, आणि थंड, ओल्या मातीत महिनोन्‌महिने तग धरणारी. गवताबरोबर एखादे जरी मेंढीच्या पोटात गेले, तरी यकृतात वा फुप्फुसात पाण्याची गाठ धरू शकते. त्या गाठीत कृमींची हजारो डोकी तयार होतात. मेंढी कापून तिचे यकृत कुत्र्यापुढे टाकले, की त्या डोक्यांचे कृमी होतात आणि सहा-सात आठवड्यांत पुन्हा अंडी सुरू. हीच अंडी हाताला लागून माणसाच्या पोटात जातात. माणसातली गाठ वर्षानुवर्षे गुपचूप वाढते. कधीकधी तिच्यात काही लिटर पाणी भरते.

एकोणिसाव्या शतकात आइसलँड बेटावर हे चक्र घरोघरी फिरत होते. डॅनिश संशोधक हाराल्ड क्राब्बे 1863 मध्ये तिथे गेले. त्यांनी तपासलेल्या 100 कुत्र्यांपैकी 28 कुत्र्यांत हा कृमी निघाला. पुढे शवविच्छेदनांतून दिसले, की 1861 ते 1870 या काळात जन्मलेल्यांपैकी सुमारे 22 टक्के लोकांच्या शरीरात या गाठी होत्या. पाचांत एक!

यावर उपाय निघाला तो छापील पुस्तिकेचा. क्राब्बे यांची पुस्तिका 1864 मध्ये घरोघर वाटली गेली. रोगट अवयव कुत्र्यांना घालू नका, पुरा किंवा जाळा, एवढेच तिचे सांगणे. पुढे 1869 आणि 1890 मध्ये कायदे झाले. त्याच शतकाच्या शेवटच्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण 2 टक्क्यांच्या आसपास उतरले. आज आइसलँड या रोगातून मुक्त आहे. न्यूझीलंड आणि टास्मानियानेही हीच साखळी तोडली.

भारतात मात्र ती अजून शाबूत आहे. महाराष्ट्रातल्या रुग्णालयांतही या गाठींच्या शस्त्रक्रिया होतात. म्हणून मटणाच्या दुकानापाशी आशेने उभ्या असलेल्या कुत्र्याला कच्ची कलेजी वा फुप्फुस टाकू नका. पाळलेल्या कुत्र्याला वेळेवर जंताचे औषध द्या, आणि त्याला हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नका.