रत्नागिरीतले पुरुष कुठे गेले?

आज बोलूया बी.ए.च्या वर्गातल्या आकड्यांविषयी.

समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्र घेणाऱ्या अनेक मुलांनी दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेला असतो. मग संशोधन पद्धतीचा पेपर येतो आणि सरासरी, मध्यगा, प्रमाण विचलन ही मंडळी पुन्हा दारात उभी राहतात. पुस्तकात दहा काल्पनिक आकडे असतात. मुलं ते सूत्रात घालतात, उत्तर काढतात आणि परीक्षेनंतर विसरतात. विसरणारच! त्या उत्तरातून जगाबद्दल काहीच कळलेलं नसतं.

त्याऐवजी खरे आकडे घेऊन पाहू. २०११ च्या जनगणनेचे तक्ते इंटरनेटवर मोफत मिळतात. त्यातला एकच रकाना घ्या: लिंग गुणोत्तर, म्हणजे दर हजार पुरुषांमागे किती स्त्रिया. फळ्यावर लिहा: रत्नागिरी ११२२, बीड ९१६, मुंबई शहर ८३२. आणि विचारा, काय दिसतं?

बहुतेकदा उत्तर येईल, "रत्नागिरीत मुलींची कदर आहे, मुंबईत सगळ्यात कमी." लगेच चूक म्हणू नका. एवढंच विचारा, "रत्नागिरीतले पुरुष कुठे आहेत?" कोकणाशी नातं असलेलं कुणीतरी हसून म्हणेल, "मुंबईला!" चाकरमानी पोटासाठी मुंबईत राहिला, तर गावची संख्या घटते आणि शहराची वाढते. महाराष्ट्राबाहेर दमण-दीव पाहा: गुणोत्तर फक्त ६१८. तिथल्या कारखान्यांत कामाला आलेले पुरुष बरेचसे एकटेच आलेले.

म्हणजे हा आकडा मुलींची कदर मोजत नाही. त्यात स्थलांतर मिसळलेलं आहे. ते बाजूला कसं काढायचं? इथे वर्गाला जरा वेळ द्या. लहान मुलं नोकरीसाठी एकटी गाव सोडत नाहीत, हे कुणाला तरी सुचतंच. मग शून्य ते सहा वयोगटाचा रकाना उघडा. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. या रकान्यात रत्नागिरीही हजाराच्या आत येते, तिचा मोठा आकडा विरून जातो. मुंबई शहर नऊशेच्या वर दिसतं. आणि बीड? ८०७.

पहिल्या रकान्यात मुंबईच्या पुढे असलेला जिल्हा इथे कितीतरी मागे पडला. वर्ग गप्प होतो, कारण आता त्या आकड्यामागे जन्मूच न दिलेल्या मुली दिसू लागतात.

देशाचंही तसंच. २००१ ते २०११ मध्ये एकूण गुणोत्तर ९३३ वरून ९४३ वर गेलं, पण लहान मुलांमधलं ९२७ वरून ९२० च्या खाली आलं. पहिलाच आकडा वाचणारा खूश होऊन घरी जाईल.

सूत्रं यानंतर शिकवा. प्रत्येकाला आपापला जिल्हा द्या, मग तो बेळगाव असो, इंदूर असो की वडोदरा. जिल्ह्यांच्या गुणोत्तरांची नुसती सरासरी काढली तर राज्याचं गुणोत्तर का मिळत नाही, हे त्यांना स्वतः करून पाहू द्या. लोकसंख्येचा भार का धरायचा, ते मग वेगळं समजवावं लागत नाही.

यातलीच काही मुलं उद्या जिल्हा परिषदेत, वर्तमानपत्रात, संस्थांमध्ये अहवाल लिहितील. बीडसमोर ९१६ लिहून ती थांबतील की पुढचा रकाना उघडतील, हे आपल्या तासावर ठरतं.