राजाची नोंद, आईच्या नावासह

बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेड राजाच्या नावातच राजा आहे. पण दर १२ जानेवारीला या गावात लोटणारी गर्दी राजासाठी येत नाही. ती येते लखुजीराव जाधवांच्या वाड्यात १५९८ साली जन्मलेल्या त्यांच्या लेकीसाठी. शिवरायांची थोरवी सांगायची तर सुरुवात जिजाऊंपासून करायची, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

ही रीत आपलीच, असे वाटते ना? मग बायबलच्या जुन्या करारातली ‘राजे’ ही दोन पुस्तके उघडून पाहा. यरुशलेमहून यहूदावर राज्य करणारा नवा राजा गादीवर आला की बखरकार ठरावीक चार गोष्टी नोंदवतो. गादीवर बसताना त्याचे वय काय होते, त्याने किती वर्षे राज्य केले, त्याच्या आईचे नाव काय आणि शेवटी, तो बरा वागला की वाईट. हिज्कीयाची आई अबी, मनश्शेची हेफसीबा, आठव्या वर्षी राजा झालेल्या योशीयाची यदीदा. एखाद-दुसरा अपवाद सोडला, तर यहूदाच्या जवळजवळ प्रत्येक राजाच्या आईचे नाव अडीच हजार वर्षे टिकून राहिले आहे!

हा केवळ आदर नव्हता. राजमाता हे त्या दरबारातले मानाचे पद असावे. शलमोन राजाने आई बथशेबा येताच उठून नमस्कार केला आणि तिच्यासाठी आपल्या उजव्या हाताला आसन मांडायला लावले, अशी नोंद आहे. आसा राजाने तर माका हिला मूर्तिपूजेवरून राजमातेच्या पदावरून दूर केले. ज्यावरून काढता येते, ते पदच म्हणायचे.

पण खरी गंमत चौथ्या रकान्यात आहे. उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात इ.स.पू. नवव्या शतकात अम्री नावाचा राजा झाला. त्याने टेकडी विकत घेऊन शोमरोन ही राजधानी वसवली. मवाबच्या राजाने कोरवलेल्या शिलालेखात त्याचे नाव आहे. अश्शूरचे सम्राट तर पुढची शंभरेक वर्षे त्या देशाला अम्रीचे घराणे म्हणत राहिले. ज्या येहूने अम्रीचा वंश संपवला, त्यालाही अश्शूरी लेखात अम्रीचाच पुत्र म्हटले आहे! एवढ्या दबदब्याच्या राजाला हिब्रू बखरकाराने किती जागा दिली? अवघी सहा वचने. त्यातही निकाल काय, तर आधीच्या सगळ्यांपेक्षा वाईट.

अम्रीचा मुलगा अहाब. इ.स.पू. ८५३ मध्ये कर्करच्या लढाईत त्याने २,००० रथ आणि १०,००० पायदळ उतरवल्याचे त्याच्या शत्रूनेच दगडावर कोरून ठेवले आहे. हिब्रू बखरीत या लढाईचा उल्लेखही नाही. तिथे सविस्तर येतो तो एक द्राक्षमळा. नाबोथ नावाच्या माणसाचा हा मळा राजवाड्याला लागून होता. राजाला तो भाजीपाल्यासाठी हवा होता आणि वाडवडिलांची जमीन विकायला नाबोथ तयार नव्हता. राणी ईजबेलने खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथला दगडांनी ठेचून मारले गेले आणि जमीन राजाची झाली. तेवढ्यात एलीया संदेष्टा त्या मळ्यातच राजासमोर उभा राहिला. जमिनीचा तुकडा म्हणजे काय, हे बुलढाण्याच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. बखरकाराच्या लेखी दोन हजार रथांहून तो एक मळा भारी ठरला.

बखरकारांच्या लाडक्या दावीद राजालाही सूट नव्हती. त्याने पदरच्या शिपायाची बायको नेली आणि त्या शिपायाला आघाडीवर पाठवून मारवले. तेव्हा नाथान संदेष्ट्याने राजाला एक दृष्टान्त सांगितला. एका गरिबाची एकच मेंढी होती, त्याच्याच ताटात खाणारी, त्याच्याच कुशीत निजणारी. शेजारच्या श्रीमंताने पाहुण्यासाठी आपला कळप राखला आणि तीच कापली. दावीद संतापला, असा माणूस मरणालाच योग्य, म्हणाला. नाथानने बोट त्याच्याकडेच वळवले.

हा कडक हिशेब मांडला कधी? या पुस्तकांना आजचे रूप आले ते यरुशलेम इ.स.पू. ५८६ च्या सुमारास जळून गेल्यावर, बाबेलच्या बंदिवासात. ‘आपले कुठे चुकले?’ या प्रश्नातून. लिहिणाऱ्यांचा मापदंड धार्मिक होता, एकाच देवाशी निष्ठेचा. त्या मापाने मनश्शे सर्वांत वाईट, पण त्याने तब्बल ५५ वर्षे राज्य केले. योशीया सर्वांत चांगला, पण इ.स.पू. ६०९ मध्ये मगिद्दोला मिसरच्या फारोच्या हातून मारला गेला. निकालाशी न जुळणाऱ्या या नोंदी त्यांनी खोडल्या नाहीत. थक्क व्हायचे ते इथे.

हा वारसा सांगणारी माणसे मराठीही बोलतात. कोकणात तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायल. १८८० च्या सुमारास मुंबईत त्यांनी चक्क कीर्तने सुरू केली. हिब्रू धर्मग्रंथातली आख्याने, पण पदे मराठी आणि बाज हरिदासाचा. दृष्टान्त देऊन थोरामोठ्यांचे कान उपटायची नाथानची कला आपल्या कीर्तनात किती सहज बसते!

पुन्हा सिंदखेड राजाकडे. १६२९ मध्ये लखुजीराव देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाच्या भेटीला गेले आणि तिथेच मुलांसह कापले गेले. हिब्रू बखरकाराने या सुलतानाला एका ओळीत निकालात काढले असते. निजामशाही पुढच्या सातच वर्षांत बुडाली. लखुजीरावांची भव्य समाधी सिंदखेड राजात आजही उभी आहे.