‘अटक नाही, नुसतं बसवून ठेवलंय’

पोलीस ठाण्याबाहेर थांबलेल्या नातेवाइकांना हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं, आणि ऐकून त्यांना हायसंही वाटतं. तसं वाटायचं काही कारण नाही. कायद्यात ‘बसवून ठेवणे’ अशी पायरीच नाही. चौकशीला आलेला माणूस उठून घरी जाऊ शकत असेल तर तो मोकळा. त्याला जाऊ दिलं जात नसेल तर तो ताब्यात आहे, मग कागदावर अटक दुसऱ्या दिवशी सकाळची का दाखवलेली असेना. म्हणून माणसाला कधी, कुठून आणि कोणी नेलं हे घरच्यांनी लगेच लिहून ठेवावं. जवळच्या दुकानाचा सीसीटीव्ही, त्या वेळचे फोन, शेजारी कोण होतं, हे सगळं पुढे कोर्टात उपयोगी पडतं.

कारण अटकेनंतरचं पहिलं संरक्षण घड्याळाचं आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार अटक केलेल्याला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं. यातून फक्त प्रवासाचा वेळ वगळतात. ‘शुक्रवारी संध्याकाळी उचललं, म्हणजे आता सोमवारपर्यंत आत’ हा समज चुकीचा आहे. रविवार असो की दिवाळी, मुदत थांबत नाही. सुट्टीच्या दिवशी रिमांडसाठी दंडाधिकारी नेमलेले असतात. अपवाद आहे तो एमपीडीएसारख्या कायद्याखालच्या प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा. तिथले नियम वेगळे आहेत.

दुसरं संरक्षण कागदाचं, आणि इथेच सर्वांत जास्त फसगत होते. ‘सही कर, नुसती फॉर्मॅलिटी आहे’ असं म्हणून चार-पाच कागद पुढे सरकवले जातात. ते सगळे सारखे नसतात. अटकेच्या पंचनाम्यावर अटकेची तारीख आणि वेळ असते. त्यावर घरातल्या कोणाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते, आणि अटक झालेल्याचीही. १९९६ च्या डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे बंधनकारक केलं आणि आज ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. सही करण्याआधी वेळेचा रकाना बघा. तो कोरा असेल किंवा चुकीचा असेल तर ते बोलून दाखवा. याउलट, तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, हे त्याच संहितेचं कलम १८१ सांगतं. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब सहसा आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. त्यातल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग वापरता येतो. कोऱ्या कागदावर मात्र कधीच सही करू नये.

‘का अटक केली ते कोर्टात कळेल’ असंही सांगितलं जातं. चूक. अटकेची कारणं सांगणं ही पोलिसांची जबाबदारी आहे, आणि तोंडी सांगून भागत नाही. मुंबईतल्या एका प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, गुन्हा कोणताही असो, कारणं लेखी द्यायची आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायची. त्या क्षणी शक्य नसेल तर रिमांडच्या निदान दोन तास आधी तरी ती हातात पडली पाहिजेत. शिवाय अटकेची खबर नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायची असते.

गुन्हा दाखल झाला म्हणजे अटक ठरलेलीच, असंही नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे हे पोलिसांना लिहावं लागतं. नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यायची. ती पाळणाऱ्याला सहसा अटक करता येत नाही, पण ती दुर्लक्षून घरी बसणं महागात पडतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली अशी नोटीस ग्राह्य नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं आहे. ‘डिजिटल अटक’ तर कायद्यात अस्तित्वातच नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस कॅमेऱ्यासमोरून हलू नका म्हणतो, तेव्हा फोन ठेवायचा आणि १९३० वर कळवायचं.

स्त्रीला सूर्यास्तानंतर अटक होऊच शकत नाही, असं अनेकजण ठामपणे सांगतात. अपवादात्मक परिस्थितीत होऊ शकते, पण महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते. अटकेनंतरच्या कोठडीचेही नियम आहेत. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यावर १९८३ मध्ये महिलांसाठी वेगळं लॉकअप आणि महिला पोलिसांचा पहारा असे निर्देश निघाले.

आणि गप्प राहणं म्हणजे कबुली नव्हे. नाव-पत्ता खरा सांगा, झटापट करू नका. नाहीतर सरकारी कामात अडथळ्याचा वेगळा गुन्हा लागतो. स्वतःला गोवणारं उत्तर देण्याची सक्ती मात्र कोणी करू शकत नाही. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही.

मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते रिमांडच्या वेळचं बघून. दंडाधिकारी विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?’ मागे तेच शिपाई उभे असतात, आणि उत्तर येतं, ‘नाही साहेब.’ मारहाण झाली असेल, कारणं लेखी मिळाली नसतील, उचललं आदल्या दिवशी असेल, तर ते सांगायची हीच जागा आहे. ते नोंदवून घ्या म्हणावं आणि वैद्यकीय तपासणी मागावी. अटकेनंतर झालेल्या तपासणीच्या अहवालाची प्रत मिळणं हाही हक्क आहे. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही: कोठडीतल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. घरच्यांनी १५१०० वर फोन करावा, किंवा रिमांडच्या आधीच कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा कार्यालयात अर्ज द्यावा.